चौदा हजार किलोमीटर आणि माझी तयारी

२ सप्टेंबर
तिकडे अमेरिकेत लेकीला, भव्याला, नववा महिना लागला. बीपी वाढलंय. फोनवर रडली, अप्पा, दोघंही या म्हणाली. जाणार! बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को चौदा हजार किलोमीटर, सोळा तास. व्हिसा तीन वर्षं तयार आहे. वापरला नाही तो केवळ दुकानामुळे.

३ सप्टेंबर, सकाळी ६
चिकपेटच्या दुकानातला टेप आणून भिंतीवरच्या नकाशाला लावला. चाळीस वर्षं कापड मोजतोय, नकाशा काय चीज आहे! पण जावई गिरीराज सांगतो, विमान पूर्वेकडे जातं, पॅसिफिकवरून. म्हणजे नकाशाच्या उजव्या काठाने बाहेर पडतं आणि डाव्या काठाने आत शिरतं. मधल्या वेळात कुठे असतं, विचारलं. भीती म्हणून नाही, माहिती असावी म्हणून.

५ सप्टेंबर
शेजारचा सुधींद्र जाऊन आलाय. दुपारी अडीचला निघतं आणि तिथल्या घड्याळात त्याच संध्याकाळी सहाला पोचतं म्हणे. म्हणजे साडेतीनच तास! उरलेले साडेबारा मी धरत नाही.
निश्चय: रोज तासभर खुर्चीत, कमरेला पट्टा बांधून, सराव.

६ सप्टेंबर
अकराव्या मिनिटाला घाम फुटला. पंखा स्लो आहे. सोयराबाईने पाणी दिलं, पट्टा सोडला. बायकोचं हे समजून घेणं मला आवडत नाही.

७ सप्टेंबर, रविवार
गिरीराजचा तिसरा मेसेज. तिकिटं काढतोय, आज हो की नाही ते कळवा. कळवायचं राहिलं. बापाने काय 'हो' लिहून द्यायचं? धरूनच चालले असतील.

१० सप्टेंबर
सोयराबाईला म्हटलं, दसऱ्याचा सीझन तोंडावर आलाय, कंबरही धरलीय. ती म्हणाली, सरी, ठीक आहे, तुम्ही स्वल्प आराम करा. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ सप्टेंबर
भव्याला ॲडमिट केलंय. दिवसभर दुकानात लक्ष नाही. गिऱ्हाइकावर उगाच ओरडलो. मला माझी लाज वाटते. इथेच लिहितो, कुठे बोलणार नाही.
आता ठरलं. परवाची तिकिटं सोयराबाईच्या फोनवर आलीत; कुणाला सांगायचं नाही, तिच्याबरोबर थेट विमानात बसून दाखवायचं. गुपचूप बॅग भरली.

१४ सप्टेंबर, सकाळी ११, विमानतळ
दारात पासपोर्ट काढला. दोनदा खिशात ठेवून पुन्हा काढला, गर्दी फार. सोयराबाईने फोनवर तिकीट उघडलं. एकच नाव! माझं उत्तर आलं नाही तेव्हा भव्याच म्हणाली होती, अप्पांना त्रास नको. सोयराबाईला वाटलं, मी सोडायला आलोय, आणि बॅगेत लेकीसाठी लाडू असतील.
माझ्या हातातला पासपोर्ट बघून तिचे डोळे भरले. अहो, खरंच येणार होतात का, विचारलं.
खरंच येणार होतो.

१५ सप्टेंबर, सकाळी १०
सोळा तास मोबाइलवर विमान बघत बसलो. जेवलो नाही. सुखरूप पोचली. आईला बघून भव्याचं बीपी उतरलं म्हणे. तिला सांगितलं, मी निघालोच होतो, तिकिटाचा घोळ झाला. असू दे अप्पा, म्हणाली.
मग गिरीराजने फोन घेतला. बुधवारच्या विमानात एक जागा आहे, फक्त हो म्हणा, आत्ता काढतो.
संध्याकाळी कळवतो म्हटलं.