विमलताईंच्या दारापुढील ओट्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगर परिषद कार्यालय,
जि. यवतमाळ.

विषय : रस्ता सुशोभीकरणात तोडलेला व पुन्हा बांधलेला एक ओटा राहू देणेबाबत.
संदर्भ : काल दारावर चिकटवलेली अतिक्रमणाची नोटीस.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार निकिता अश्वजित नगराळे हिचे माहेर जुन्या बाजार गल्लीत असून शेजारी श्रीमती विमलताई पंजाबराव भगत राहतात. मोतीबिंदूमुळे त्यांना लिहिता-वाचता येत नाही. सबब त्यांच्या सांगण्यावरून हा अर्ज.

१) सुशोभीकरणात गल्लीतले सगळे ओटे निघाले, फरशी, लोखंडी कठडा व शोभेच्या कुंड्या आल्या. गल्ली देखणी झाली, याबद्दल तक्रार नाही.

२) गेल्या महिन्यात विमलताईंचे पती पंजाबराव वारले. मयताच्या घरी लोक बसायला येतात, हे साहेबांस ठाऊकच आहे. खोली एवढीशी, आणि बाहेर कठड्यामुळे सतरंजीही पसरेना. राजूरहून आलेल्या नातलग बायका कुंड्यांमध्ये अवघडून उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. विमलताई म्हणाल्या, "लोकं आले, पण बसलं कोणी नाई. उभ्याउभ्यानंच गेले." तेव्हापासून त्या दाराबाहेर आलेल्या नाहीत.

३) सबब अर्जदाराने परवा स्वतः विटा रचून ओटा उभा केला. काल नोटीस आली. कारवाई करणे भागच असेल तर अर्जदारावर करावी, तिच्या माहेरची पायरी तोडून न्यावी, पण या विटांस हात लावू नये. विमलताईंचे म्हणणे एवढेच, "ज्यानं हा नकाशा काढला, त्याले एकदा माह्या दारात आणून बसवा म्हणा."

४) सदर नकाशा अर्जदारानेच काढला आहे. ती यवतमाळला एका वास्तुरचनाकाराकडे नोकरीस आहे. रस्त्याची रेषा सरळ यावी म्हणून नकाशातल्या ओट्यांवर लाल खुणा करून 'अनधिकृत' असे तिनेच लिहिले. विमलताईंच्या ओट्यावर बसून ती शाळेचा अभ्यास करीत असे. नकाशात हे दाखवण्याची सोय नव्हती, आणि तिलाही त्या वेळी आठवले नाही. कामाच्या फलकावर फक्त वास्तुरचनाकाराच्या कार्यालयाचे नाव असल्याने गल्लीत कोणास पत्ता नाही. विमलताई तिलाच जवळ बसवून नकाशा काढणाऱ्याला बोल लावतात, आणि ती मान हलवते. तिला स्वतःची लाज वाटते.

तरी ओट्यास मंजुरी मिळावी, ही विनंती.

आपली नम्र आणि दोषी,
निकिता अ. नगराळे
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत : नोटिशीची प्रत व मूळ नकाशा.

टीप : हा अर्ज विमलताईंना वाचून दाखवला आहे. परिच्छेद ४ वाचण्याची हिंमत झाली नाही. तो साहेबांनी कृपया आपल्या शिपायामार्फत त्यांना वाचून दाखवावा. अर्जदार त्या वेळी ओट्यावर हजर राहील.