वीस वर्षांचा चेहरा

सोमवार, ४ मार्च

गॉगलबाई आज परत फोटोच्या दुकानात आल्या, डोळ्यांवर तोच काळा गॉगल. दोन महिन्यांतली ही पाचवी मुलगी! पासपोर्टचा फोटो. मुलीला म्हटलं, हनुवटी जरा वर घे — तर तिने आधी बाईंकडे बघितलं. नाव विचारलं, तेही बाईंनीच सांगितलं. लाजरी असेल.

मग बाईंचं नेहमीचं — "जरा मोठी दिसू दे हं. लहान दिसली की तिकडे काम देत नाहीत." कॉम्प्युटरवर गालांची गोलाई काढून टाकली, डोळ्यांखाली थोडी सावली दिली. सोळाची वीस! माझ्या हातात कला आहे, हे मात्र खरं. ह्यांना दाखवलं तर म्हणे, "माझ्यावर उलटं करून बघ की."

बुधवार, ६ मार्च

एका संस्थेची मुलगी पोस्टर घेऊन आली. काचेवर लावू का? लाव बाई. माणसांच्या तस्करीबद्दल आहे. कामाचा पत्ता सांगत नाहीत, कागदपत्रं स्वतःकडे ठेवतात, घाई करतात, वय खोटं दाखवतात, मुलीला बोलू देत नाहीत... वाचता वाचता चहा गार झाला. गॉगलबाईच डोळ्यांसमोर!

छे, काहीतरीच. किती गोड बोलतात. मागे माझ्या गुडघ्यांसाठी तेल आणून दिलं. असल्या बायका तेल आणून देतात का? की असल्याच देतात?

शनिवार, ९ मार्च

ताईचा फोन. बारकीला — तिच्या धाकटीला, अजून सोळा पूर्ण नाहीत — परदेशात हॉटेलात काम मिळतंय. येत्या शुक्रवारी निघायचं. कोण नेतंय? गॉगलबाई!

मी म्हटलं, थांब जरा. तर ताई म्हणते, "अगं, तूच म्हणालीस ना बाई चांगल्या आहेत म्हणून?" म्हणाले होते. कशावरून म्हणाले होते? दुकानात घाई करत नाहीत, जाताना थँक्यू म्हणतात, यावरून. धन्य माझी!

रविवार, १० मार्च

डोकं भणभणतंय. हे म्हणतात, पोलिसांत जा. जाऊन काय सांगू — बाईंनी तेल दिलं? उगाच आळ घेतला आणि पोरीची नोकरी गेली, तर ताई जन्मात तोंड बघायची नाही. आणि गप्प बसले आणि पोरगीच गेली तर?

मंगळवार, १२ मार्च

आज बाई बारकीलाच व्हिसाच्या फोटोला घेऊन आल्या. मी हसत हसत विचारलं, हॉटेलचं नाव काय हो? "मोठं आहे." पत्ता? "पोचली की कळवते." पासपोर्ट? "माझ्याकडेच राहील, पोरी हरवतात." बारकी गप्प. झोपेतसुद्धा बडबडणारी आमची बारकी — गप्प!

त्या गेल्यावर फोटो करायला बसले. त्याच सूचना, जरा मोठी दिसू दे. गाल काढले. या गालांचे किती पापे घेतलेत मी. हनुवटीवरची खूण पुसली — माझ्याच घरी जिन्यावरून पडली होती, तीन वर्षांची असताना. मग पडद्याकडे बघितलं तर कोण ही बाई? उद्या हिला शोधायची वेळ आली, तर या फोटोवरून मला तरी सापडेल का? फाईल तशीच बंद केली. आधीच्या पाचही जणींचं मी हेच केलं. आणि वर कला म्हणे! खूप रडले.

बुधवार, १३ मार्च

बाईंना सांगितलं, मशीन बिघडलंय. पोस्टरवरच्या नंबरावर फोन केला. आधीच म्हटलं, मला खात्री नाही हो. पलीकडची म्हणाली, "खात्री आम्ही करू. तुम्ही जे बघितलं तेवढं सांगा." एवढंच होतं? आठवडा घालवला मी!

मग ताईकडे. भांडले, पाया पडायचंच बाकी ठेवलं. शेवटी ताईने बारकीची पिशवी भरून तिला माझ्याबरोबर धाडलं. बारकी रस्ताभर एकच — "मावशी, तू माझं वाटोळं केलंस." केलं का? अजूनही कळत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

आज निघणार होती. माझ्या शेजारी फुगून बसलीय. गॉगलबाईंचा फोन कालपासून बंद.

पोलीस येऊन पाचही मुलींचे मूळ फोटो घेऊन गेले. जेवताना बारकी हळूच म्हणाली, "मावशी, माझा मोबाईल बाईंकडेच आहे. घरी सांगू नको म्हणाल्या होत्या." ताट बाजूला सारलं आणि तिला जवळ घेतलं. ढकललं नाही तिने.

शनिवार, १६ मार्च

दुकान उघडताच एक बाई आली. मी कधी पाहिलेली नाही. महिना झाला, मुलीचा फोन लागत नाही. गॉगलबाईंनीच नेलेली.

मी चिडलेच. म्हटलं, अहो, ओळख ना पाळख, पाठवलीत कशी?

ती म्हणाली, "त्या म्हणाल्या होत्या, शंका असेल तर फोटोवाल्या ताईंना विचारा. म्हणून मी इथे दारापर्यंत आले होते. तुम्ही दोघी हसत बोलत होतात. मग नाही विचारलं."