काचेवरचा ठिपका

तीर्थरूप आईस, वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

मंगळाच्या फोटोंवरचे खड्डे मोजायचं माझं काम तुला माहीत आहेच. खड्डे जितके जास्त, तितकी जमीन जुनी. शेजारच्या टेबलावर एक नवी मुलगी आली आहे. सहा वर्षं मी खड्ड्यांभोवती हाताने काढलेले गोल दाखवून तिने संगणकाला खड्डे ओळखायला शिकवलं. आता माझं वर्षभराचं काम तो चहा निवेपर्यंत उरकतो. साहेब तिच्या खुर्चीमागून हलत नाहीत. माझ्या पोटात दुखतंय असं मात्र समजू नकोस.

काल दिसलं की संगणक प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात एक खड्डा दाखवतो. तो कॅमेऱ्याच्या काचेवरचा ठिपका आहे. पहिल्या वर्षी मीच त्याला खड्डा समजत होतो आणि ते गोल पुसायचे राहून गेले. परवा ती आपलं हे काम सगळ्यांपुढे मांडणार आहे. मी गप्प बसायचं ठरवलं होतं.

आज तिने त्या अहवालाचं पहिलं पान दाखवलं. तिच्या नावाच्या आधी माझं नाव आहे.

उद्या सांगावंच लागणार. मेलीने मला धड जळूही दिलं नाही.

धाकटीला हे वाचून दाखवू नकोस, हसेल.

तुझा,
थोरला