जंताचा चौकीदार आणि माहेरची बकरी

आदरणीय रामसिंगभाऊ यांस,

रामधनचा जय सेवालाल. आम्ही सगळे मजेत आहोत, सोयाबीन शेंगेवर आहे, तुमची बहीण चंदाबाई हिचा गुडघा आणि तोंड दोन्ही व्यवस्थित चालतात. कामरगावकडे पाऊस कसा, वहिनींचा खोकला गेला का, तुमच्या शेळ्या कशा आहेत? (शेवटचा प्रश्न उगाच विचारलेला नाही, पण तिकडे मी सवडीने येतो.) फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरचा फोन तुमच्या बहिणीच्या कमरेला असतो आणि मी बोलायला घेतला की ती शेजारी बसून माझी वाक्यं पुरी करते. शिवाय आपली बोली कागदावर उतरवली तर माझी मलाच वाचता येत नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहितो, सांभाळून घ्या.

तर झालं असं. तुम्ही मागच्या दिवाळीत बहिणीला भुरी बकरी दिलीत, घुंगरासकट. त्या दिवसापासून या घरात भुरीचा मान माझ्याहून मोठा आहे. ती माहेरची ना! माझ्या ताटात भाकरी पडायच्या आधी तिच्यापुढे पाला पडतो आणि मी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलेलं नाही (एकदा काढलं होतं, दोन दिवस पिठलं खाल्लं). पोळ्याला आमची उज्ज्वला हैदराबादहून आली. पोरीने बैलांकडे न बघता सरळ भुरीची खालची पापणी ओढली आणि आतून बघितली. पापणी कागदासारखी पांढरी, जबड्याखाली सूज. पोरगी म्हणाली, पोटात रक्त पिणारे जंत आहेत, औषध दिलं नाही तर बकरी जाईल. मी म्हटलं, औषध मी पाजलंय, नेहमीचंच, चांगलं दोन-तीनदा, पण लागूच पडत नाही. त्यावर तिचे डोळे असे चमकले की बाप म्हणून मला थोडं वाईटच वाटलं.

तिथे ती काय शिकते ते तुम्ही मला प्रत्येक लग्नात विचारता आणि मी दरवेळी ‘मोठं काहीतरी’ असं सांगून पंगतीला बसतो. आता ऐका. या जंताच्या अंगात एक एन्झाइम असतं. ते म्हणजे त्याचा चौकीदार समजा. अंगात विष शिरलं की चौकीदार त्याला धरतो, त्याच्या गळ्यात एक चिठ्ठी अडकवतो आणि दाराबाहेर काढून देतो. आपलं औषध म्हणजे जंताच्या दृष्टीने विषच, त्याचीही तीच गत होत असावी असा तिचा संशय. या चौकीदाराची ठेवण आमच्या पोरीने शोधून काढली. तो एकटा नसतो, जुळे असतात, पाठीला पाठ लावून उभे, आणि दोघांच्याही अंगात एकेक खळगा, विष पकडायचा. त्या खळग्याचा नेमका आकार कळला की त्यात बसेल असं बूच बनवता येईल. मग चौकीदाराचे हात बांधले, औषध मोकळं. बूच बनायला अजून बरीच वर्षं आहेत म्हणे, पण खळगा सापडला.

आता हा चौकीदार कुठल्याच भिंगातून दिसत नाही. म्हणून असे कोट्यवधी चौकीदार एकाच पवित्र्यात ओळीने उभे करायचे, त्याचा होतो स्फटिक. खडीसाखरेचा खडा दोऱ्यावर जमतो तसाच, फक्त हा जिऱ्याहून बारीक आणि इतका मानी की थेंबाला धक्का लागला तर जमायचंच नाकारतो. (रेशनच्या दुकानापुढे पंधरा माणसं ओळीत उभी राहात नाहीत, त्यामुळे मला पोरीचं फार कौतुक वाटलं.) त्या खड्यावर एक्स-रे सोडतात, ते ठिपक्याठिपक्यांत विखुरतात आणि त्या ठिपक्यांवरून चौकीदाराची ठेवण काढतात. मी विचारलं, जंताचं हाड मोडलं होतं का? यावर पोरीने तोंड आईकडे वळवलं आणि पुढचं तिलाच सांगायला घेतलं.

हे सगळं ती चुलीपाशी आईला सांगत होती. वर भुरीसाठी मानोऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारून वेगळ्या जातीचं औषध आणलं, चौकीदाराला न जुमानणारं. चंदाबाईने शांतपणे भाकरी उलटली आणि म्हणाली, “माह्या माहेरच्या बकरीले जंत नसतात.”

झालं. पापणी दाखवली, सूज दाखवली. ती म्हणते नजर लागली, पाला बाधला, तुमीच काहीतरी चारलं. औषधाची बाटली तिने डब्यांच्या मागे ठेवून दिली. सुट्टी संपली, पोरगी रडकुंडीला येऊन हैदराबादला गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन करते आणि आईला पहिल्यापासून समजावते, चौकीदार, खळगा, बूच. चंदाबाई तासभर ऐकते, हुंकार देते, मधेच प्रश्नही विचारते आणि शेवटी म्हणते, मले नाही पटत.

शेवटी मीच मैदानात उतरलो. म्हटलं, डोळ्यांनी दिसलं तर पटेल. ज्वारीच्या पिठाचा गोळा मळला, कडब्याच्या पट्ट्या वळवल्या आणि पोरीने दिलेल्या चित्रावरून जुळे चौकीदार केले, पाठीला पाठ लावून, खळग्यांसकट. सकाळभर खपलो. फुलचंद दुकानदार बघून म्हणाला, मारुती चांगला झालाय. वाळायला खाटेवर ठेवून हात धुवायला गेलो, तेवढ्यात ती मरणाला टेकलेली भुरी दावं तोडून खाटेवर चढली आणि दोन्ही चौकीदार खळग्यांसकट खाऊन मोकळी झाली. मग माझं पागोटं चघळलं. आजारी जिवाला कधी भलतीच भूक लागते, तसलं काही असावं. मला तर रडूच आलं, बकरीसाठी आणि थोडं माझ्या कामासाठीही.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा
रामधन

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे की, भाऊ, तुम्ही बहिणीला फोन करा आणि सांगा की आमच्याही शेळ्यांना जंत आहेत, आम्हीही औषध पाजतो. नसले तरी सांगा. माहेराने कबूल केलं की ती बाटली काढेल. मुक्या जिवासाठी एवढं खोटं बोलाच.

ता. क. दुसरं. भुरीची सूज उतरल्यासारखी दिसते आणि दूधही वाढलंय. मरायच्या आधी असं होतं का? तुमचा अनुभव कळवा.

भाऊ, मी चंदा. हे मानोऱ्याले टपालाचं तिकीट आणाले गेले, पत्र खाटेवरच ठेवून, म्हणून मी वाचलं; आता पाकीट मीच चिकटवून ठेवतो. भुरीची काळजी करू नको. उज्ज्वलाची बस हालली त्याच दिवशी मी तिले औषध पाजलं. तुवा देल्लेली बकरी मी मरू देईन का? आता ते टणटणीत आहे, ह्यायलेच दिसून नाही राह्यलं. जंताचं म्हणशील त आपल्या घरी लहानपणीही बकऱ्यायले होत, माय कडू लिंबाचा पाला चारे, तुले आठवत असन. तूही पापण्या पाहून घे. पण मले फोन करून काही कबूल करू नको. उज्ज्वला पहिले फोनवर ‘जेवली का’ म्हणे अन् ठेवून दे. आता पोरगी रोज तासभर माह्याशी बोलते, तिचं सारं काम मले सांगते. मले पटलं असं तिले समजलं, त तिचा फोन पुन्हा ‘जेवली का’वर येईन.