आयरपुन्शचे दोन पेले

यिशुन, सिंगापूर
१४ डिसेंबर २०१४

ती. आई यांस,
सून एकताचा सविनय जयभीम. वि. वि.

बाबांची तब्येत बरी आहे हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही घाबरून पुढचं नीट वाचणार नाही. फोनवर हे बोलता येत नाही. इकडे बाबा शेजारीच बसलेले असतात, आणि तिकडे शेजारची निशिगंधा तुमचा फोन स्पीकरवर लावून अख्ख्या गल्लीला ऐकवते.

काल सुगतच्या जर्मन साहेबांनी त्यांच्या कॉन्डोत नाताळची पार्टी दिली. इथे थंडी कुठली? म्हणून त्यांच्या पत्नी हेल्गाबाईंनी एसी सोळावर ठेवून सगळ्यांना स्वेटर घालून बोलावलं होतं. बाबांना खोकल्याची उबळ आली. टेबलावर दोन भांडी होती, दोन्हींत गरम, पिवळं, दाट काहीतरी. एकातलं लहान मुलं पीत होती. अंड्याचं आहे, घशाला बरं, म्हणून मी बाबांना पेला भरून दिला. ते नको म्हणत होते. मीच आग्रह केला, आणि दुसराही दिला.

निघताना हेल्गाबाईंनी कृती लिहून दिली: अंड्याचा बलक, साखर, लिंबू आणि पांढरी वाईन, मंद आचेवर फेटत राहायचं. नाव आयरपुन्श. मुलांचं भांडं वेगळं होतं. मी बाबांचे पेले दुसऱ्यातून भरले होते.

आई, बाबांनी विहारात पंचशील घेऊन दारू सोडली त्याला अकरा वर्षं झाली. ते शील मी माझ्या हाताने मोडलं. त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. सुगतला सांगायची हिंमत होत नाही. मी काय करू?

रागावलात तरी चालेल, पण उत्तर लिहा.
आपली,
एकता


नागपूर
२४ डिसेंबर २०१४

चि. सौ. एकता हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र कालच मिळालं. तू मुद्दाम केलं नाहीस, तेव्हा रडत बसू नकोस. आग्रह करण्यात तू माझ्यावर गेलीस, एवढंच.

पण खोटं कशाला सांगू, माझं चित्त थाऱ्यावर नाही. सुगत दहावीत असताना यांना कारखान्याच्या फाटकावरून धरून आणायला मी जायची. मग चार महिने चांगले जायचे, आणि कुणाच्या तरी लग्नात एक पेला हातात आला की पुन्हा पहिल्यापासून. एका पेल्याने काय होतं, हे मला विचार.

आता लक्ष ठेव. दारू मनात आली की हे फार गोड बोलतात. कधी नव्हे ते भाजी आणायला निघतात. तसं दिसलं तर सुगतला सांग, लपवू नकोस.

विमानाच्या भीतीने मी आले नाही, याचा आता पश्चात्ताप होतो. हे पत्र पोहोचताच दोन ओळी टाक.
तुझी,
आई


यिशुन
३ जानेवारी २०१५

ती. आई यांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मिळालं, आणि तुम्ही लिहिलंत तसंच होतंय. बाबा आठवडाभर रोज चार वाजता भाजी आणायला जातात. सहाला येतात, पिशवी रिकामी, तोंडात लवंग. काल म्हणाले, एकता, तुझ्यासारखी सून शोधून मिळायची नाही. एरवी मला केवढा आनंद झाला असता!

रात्री सुगतला सगळं सांगितलं. तो जेवलाच नाही. आज मी बाबांच्या मागे जाणार आहे.
तुमची,
एकता


यिशुन
४ जानेवारी २०१५

सौ. नंदास,
गणपतचा जयभीम.

काल एकता माझ्या मागोमाग आली. मी इथल्या बुद्धविहारात बसलो होतो. तिथे चिनी म्हाताऱ्या येतात, त्यांची भाषा मला कळत नाही, म्हणून बरं वाटतं. पोरगी दारातच रडायला लागली. मग तिने तुझं पत्र मला वाचायला दिलं.

नंदा, सुनेला बोल लावू नकोस. पेला नाकाजवळ आला तेव्हाच मला कळलं होतं. नको म्हणालो ते खरं, पण तोंडदेखलं. तिने पुन्हा दिला आणि मी प्यालो. दुसरा मिळावा म्हणून जरा जास्तच खोकलो. हे तिला काल सांगितलं. अकरा वर्षांत एवढी लाज वाटली नव्हती.

त्यानंतर थेंब घेतला नाही. पण रोज चार वाजले की जीव कासावीस होतो. विहाराच्या वाटेवर दुकान आहे. दोनदा आत जाऊन बाटल्या बघून बाहेर आलो. लवंग खोकल्यासाठीच आहे, विश्वास ठेव अगर ठेवू नकोस, तुझा हक्क आहे.

विहारात चार शीलं म्हणतो. पाचवं, दारू न पिण्याचं, आलं की थांबतो आणि तसाच उठतो.

सुगतने तिकीट अलीकडचं करून घेतलं आहे. एकवीस तारखेला पोहोचतो. न्यायला कुणाला पाठवू नकोस, तू स्वतः ये. विमानतळाबाहेरही दुकानं आहेत, आणि मला तिथून एकट्याने घरी यायची भीती वाटते.

तुझा,
गणपत