खण-नारळाची खेप

॥ श्री ॥
अमरावती, ता. २ ऑक्टोबर १९६१

तीर्थरूप दादा यांस सिंधूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमची गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे मोडून पडली हे आम्हाला श्रावणकडून कळलं. सख्ख्या भावाची बातमी आमच्या ड्रायव्हरने आणावी आणि वर, बाई, तुमाले माईत नाई का, असं मलाच विचारावं! तुमच्याच हाताखाली गाडी शिकलेला तो. सांगताना त्याचा चेहरा घरचं कुणी आजारी असावं तसा झाला होता.

आता ऐका. आठ वर्षं अकोल्याच्या मालधक्क्यावरून तुमची सिंह छाप घासलेटची पिंपं आणि आमची मोर छाप तुमच्याच गाडीत, एकाच ताडपत्रीखाली निघाली. मुंबईत दोन्ही कंपन्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, पण माल वेळेवर पोचतो म्हणून कुठल्याच साहेबाने हरकत घेतली नाही. तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती. आता आमची आहे आणि तुमची नाही. हे म्हणतात, दिवाळीचा सगळा माल आमच्या गाडीत घाला. साहेबांना विचारूनही झालं.

भाऊबीजेला कडबोळी किती करू ते कळवा. गेल्या वेळी डबा रिकामा केलात आणि वर मीठ कमी होतं म्हणालात. कौशल्यावहिनींना नमस्कार.

लोभ आहेच, गाडीसकट तो स्वीकारावा.

आपली,
सिंधू


॥ श्री ॥
अकोला, ता. ७ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. सिंधू हिस हरिहरचे अनेक आशीर्वाद. वि.

पत्र पोचलं. कमलाकांतरावांचा मोठेपणा मी जाणतो, पण लेकीच्या घरचं घेणं आपल्याकडे नाही. नाना आणि मी एकदा वैशाखात तुझ्याकडे आलो होतो ते आठव. तू सरबताचा पेला घेऊन उभी होतीस आणि ते कोपऱ्यावरच्या नळावर ओंजळीने पाणी पिऊन आले. नाना गेल्यावर वडिलांच्या जागी मी आहे. भाऊबीजेला जेवतो तेही ताटात ओवाळणी टाकून. एरवी तुझ्याकडचा चहा मी कसा चुकवतो, तुला ठाऊक आहे.

आमची गाडी तुमचा माल आणत होती ते देणं होतं. देण्याला हरकत नसते. तरी एक वाट आहे. कमलाकांतरावांनी बाजारभावाने भाडं घ्यावं, म्हणजे मग ती बहिणीची गाडी राहत नाही. नाहीतर मिस्त्री दसऱ्यापर्यंत इंजिन जोडून देतो म्हणतोच आहे. उगाच जीव टांगणीला लावू नकोस. कडबोळी जास्त कर.

आहे ती माया आहेच, ती मोडत नसते.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
अमरावती, ता. १६ ऑक्टोबर १९६१

तीर्थरूप दादा यांस सा. नमस्कार. वि. वि.

भाड्याचं यांच्या कानावर घातलं आणि हे पानावरून उठले. आठ वर्षं ज्याने एक पै घेतली नाही त्याच्याकडून मी भाडं मागू, मी मेहुणा आहे की भाड्याचा गाडीवाला, असं विचारत दिवसभर फिरत होते. दादा, मला यांचंही पटतं आणि तुमचंही पटतं. दोघांचं भांडण असतं तर मिटवलं असतं. दोघांचा मोठेपणा कसा मिटवू?

धनत्रयोदशीच्या आत दर्यापूरकडच्या गावांत घासलेट पोचलं नाही, तर कंपनी एजन्सी तुमच्याकडून काढून घेणार, असं इथल्या बाजारात बोलतात. हे खरं असेल तर नानांचं उदाहरण देऊ नका. नाना पाणी प्यायले नाहीत तेव्हा तहान त्यांची एकट्याची होती. तुमच्या घरात वहिनी आहेत, मुलं आहेत.

उद्या श्रावण गाडी आणि हे पत्र घेऊन निघतो आहे. यांनीच पाठवली आहे. भाड्याचं नाव न काढता पिंपं चढवा. दारी आलेली गाडी तरी परत लावू नका.

रागवा हवं तर, पण लोभ कमी करू नये.

आपली,
सिंधू


॥ श्री ॥
अकोला, ता. २३ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद. वि.

गाडी दारात उभी राहिली तेव्हा मन डळमळलं, खोटं कशाला बोलू. श्रावण हात जोडून म्हणत होता की मालक, पिंपं चढवून टाकू द्या मले, कोनाले काय सांगाचं हाय. पण मला नाना आठवले आणि मी नाही म्हटलं. लेकीची गाडी रिकामी जाऊ नये म्हणून कौशल्येने तुझ्यासाठी खण-नारळ ठेवला. एवढ्या मोठ्या गाडीत एकटा नारळ गडगडत गेला असेल, याचं हसू येतं आणि धड येतही नाही.

दसरा झाला तरी मिस्त्री नागपूरहून यायच्या सामानाची वाट पाहतो आहे. दुसरा ट्रक मिळत नाही. वरूडच्या संत्र्यांनी आणि धामणगावच्या कापसाने सगळे अडवून ठेवले. म्हणून बैलगाड्या ठरवल्या आहेत. बैल निदान नातं विचारत नाहीत. तू काळजी करू नकोस.

नारळ आपल्या मायेचा समजून घ्यावा.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
अमरावती, ता. १२ नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप दादा यांस सा. नमस्कार. वि. वि.

परतीच्या पावसात तुमच्या बैलगाड्या जवळच्या वाटेने निघाल्या आणि काळ्या मातीत आसापर्यंत रुतल्या, हे सगळं कळलं. धनत्रयोदशीला ती गावं अंधारात होती. दुसऱ्या दिवशी आमची गाडी पक्क्या सडकेने मोर छाप घेऊन तिथे गेली. गाडीत तुमच्या पिंपांना जागा होती हो दादा. आता तुमची एजन्सी गेली आणि ती गावं आमच्याकडे आली. मेहुण्याच्या पानातला घास ओढल्यासारखं वाटतं म्हणतात हे, आणि नीट जेवत नाहीत.

भाऊबीजेला तुम्ही आला नाहीत. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, कडबोळी जास्त केली होती. शेवटी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ असून चंद्राला ओवाळायची वेळ माझ्यावर आली. ताट खाली ठेवलं, त्यात काही पडलेलं नव्हतं, आणि ते बघता बघता मला सुचलं. दादा, ते भाडं तुम्ही माझ्या ताटात टाकायचं होतं. ओवाळणी झाली असती ती! यांना नाही म्हणता आलं नसतं आणि तुम्हाला फुकट घेतल्यासारखं झालं नसतं. ओवाळणी टाकून जेवतो, हे तुम्हीच लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि कडबोळ्यांच्या भाजणीला लागले.

आपण तिघंही शिकलेले, आणि एकालाही सुचू नये. मला एजन्सीपेक्षा याचंच जास्त रडू येतं.

लोभ तेवढा माझ्याकडे राहू द्यावा.

आपली,
सिंधू


॥ श्री ॥
अकोला, ता. १९ नोव्हेंबर १९६१

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद. वि.

तुझं पत्र कौशल्या मोठ्याने वाचत होती, ती ओवाळणीच्या ताटाच्या ओळीपाशी येऊन थांबली. म्हणाली, तुम्ही दोघे पुरुष भाड्यावर अडून बसलात, घरातल्या बायकांना एकदा विचारायचं होतं.

साहेबांना भेटून आलो. ते नीट बोलले, पण एजन्सी परत मिळत नाही. पुढल्या महिन्यापासून इथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणार आहे. जुनी गाडी भंगारात दिली, ताडपत्री मात्र ठेवली. ती गावं परक्याकडे गेली असती तर मला जास्त लागलं असतं, असं कमलाकांतरावांना सांग आणि त्यांना पोटभर जेवायला घाल. भाऊबीजेला आलो नाही तो राग नव्हता, लाज होती.

त्या दिवशी नाना नळावर गेले तेव्हा मी त्यांच्याकडेच अभिमानाने पाहत होतो. तू पेला घेऊन किती वेळ उभी राहिली असशील, ते आता तुझ्या पत्रामुळे मनात येतं आहे. त्या वेळी मागे वळून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

श्रावण रविवारी मालधक्क्यावर येईल. परतताना आमच्या दारात गाडी थांबवायला त्याला सांग. मागच्या खेपेला तुझी गाडी मी नारळ घालून परत लावली. या खेपेला मीच तीत बसून येतो. आल्याबरोबर आधी पाणी दे.

लोभ आजवर देत आलो, या वेळी मागून घेतो आहे.

तुझा,
दादा