आणखी वाढू का?

रविवार, १९ जानेवारी, दुपारी साडेतीन. कामाचे कपडे वाळत घालून लिहायला बसलो.

ती. आईच्या पायांवर डोकं ठेवून.

बोटाला पट्टी आहे, म्हणून अक्षर वाकडं आलंय. काळजी करू नकोस.

काल दुपारी मी आमच्याच हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून जेवलो. इथे भाजी चिरणाऱ्याला शेगडीवर घेण्याआधी टेबलावर बसवून जेवू घालतात. काय कमी वाटलं ते खरं सांगायचं. ‘सगळं छान’ म्हणणारा पुन्हा कांद्यावर.

इथल्या पद्धतीचा मासा, मऊ पाव, वर लोणी. चव इतकी उत्तम, की मला घाम फुटला. खोट काढू कुठली?

मुख्य आचारी समोर आले. “बोला साहेब, काय कमी?”

“आणखी वाढू का, असं कुणी विचारलं नाही.”

“असं कोण विचारतं?”

“आमची आई.”

त्यांनी वाढप्यांना हाक मारली. “आजपासून प्रत्येक टेबलावर विचारायचं. आणि हा उद्यापासून शेगडीवर.”

रात्री आत कांदा चिरताना बाहेर तुझाच प्रश्न ऐकू येत होता. त्या नादातच बोट कापलं. आज संध्याकाळी शेगडीवर उभा राहीन.

तू अजून सगळ्यांच्या मागून जेवतेस का? तुला कोण विचारतं? हे पत्र बाबाच तुला वाचून दाखवतील. बाबा, पुढची ओळ आई जेवायला बसली की तिच्याकडे बघून वाचा.

आणखी वाढू का?

तुमचा धाकटा